युस्टिना सुईणीची पत्रं

उर्सुलाबेर्ग, मेणबत्त्यांच्या सणाचा दुसरा दिवस, १६०९

रेगीना,

जोब्स्ट गेला. मंगळवारी पुरला. छातीत खाणीची धूळ बसली होती, दोन वर्षं खोकतच होता. शेवटी शेवटी तर खोकायचीही ताकद उरली नव्हती, नुसता ऊं ऊं करायचा. तुला कळायला हवं असं वाटलं म्हणून हे पत्र. दुसरं काही कारण नाही.

पत्र मिठाच्या गाडीवाल्या वेन्त्सलबरोबर पाठवतेय. तू घाटापलीकडे, कथलाच्या खाणीपाशी कुठेतरी आहेस, एका विधुराशी लग्न केलंस आणि लेस विणतेस, हे त्यानंच सांगितलं. तू गेल्यापासून अकरा वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं. त्यानंही आपणहून सांगितलं नसतं. मीठ घेताना मीच म्हटलं, "पलीकडे रेगीना नावाची कोणी भेटते का रे?" तो म्हणाला, "भेटते. तुमचं नाव काढत नाही." बरं, म्हटलं.

जोब्स्ट मुकादम म्हणूनच मेला. शिक्षा म्हणून तीन रविवार चर्चच्या दारात मेणबत्ती धरून उभा राहिला, वर्षभर साधा खाणकामगार म्हणून राबला, मग गावच्या सभेनं त्याला परत मुकादम केलं. त्याच्या बायकोनं त्याला घरात घेतलं. काळ्या कपड्यात, प्रेतामागून सरळ चालत होती. मी मागे होते.

गावाचं म्हणशील तर तुला ओळखू यायचं नाही. माझी आजी इथे आली तेव्हा डोंगरावर नुसत्या झोपड्या होत्या आणि लोक पहारीचा पहिला घाव कुठे घालायचा यावरून मारामाऱ्या करत होते. तिनंच सांगितलेलं, तुलाही मी सांगितलंय. एका पिढीत चार हजार माणसं, दगडी चर्च, तीन भट्ट्या. आता वरच्या आळीत एका आड एक घर बंद आहे. छपरांवर रोपं उगवलीत. खालच्या तीन खाणींत पाणी भरलंय. घोडी रहाट ओढून ओढून मरतात आणि पाणी आहे तिथेच. चांदी आहे म्हणतात, पण पाण्याखाली. म्हणूनच सभेला पोरं खायला घालण्याची इतकी धास्ती. बापाचं नाव नसलेलं प्रत्येक पोर गावाच्या गळ्यात.

मी केलं ते सुईणीच्या शपथेनं बांधलेलं होतं. तुला ठाऊक होतं. माझ्या घरातच वाढलीस, मी शपथ घेऊन आले तेव्हा दार तूच उघडलंस. तू मला आपणहून बापाचं नाव सांगितलंस आणि मी ते सभेपुढे नेऊन पोचवलं. याहून जास्त काही घडलं नाही.

तुम्ही सगळे बरे असाल.

युस्टिना


उर्सुलाबेर्ग, ईस्टरनंतरचा दुसरा आठवडा

रेगीना,

वेन्त्सल म्हणाला, पत्र तुझ्या हातात दिलं. तू घेतलंस आणि कपाटावर ठेवलंस. वाचलंस का, ते त्याला माहीत नाही. मीही विचारलं नाही. एकसष्टाव्या वर्षी माणूस असल्या गोष्टींना हट्ट करत नाही.

इथे एक घडलंय. कुणाशी बोलावं असं माणूस नाही. पाळकाशी बोलले तर तो आधी सभेशी बोलेल. म्हणून तुला लिहिते. नाही वाचलंस तरी लिहून तर होईल.

सभासद बाल्थाझारच्या घरी लुसिया म्हणून मोलकरीण आहे. अठरा-एकोणीसची, कोळसा भाजणाऱ्यांची मुलगी, बोलताना अडखळते. नाताळापासून तिचं पोट दिसत होतं. बापाचं नाव सगळ्या गावाला माहीत होतं आणि कुणी घेत नव्हतं. बाल्थाझारची बायको बाजारात माझ्याशेजारी कोबी निवडत म्हणाली, "कुठला तरी भटका कारागीर असेल, नाही का? गेल्या उन्हाळ्यात पुष्कळ आले होते." मी म्हटलं, "कोबी चांगला आहे." आणखी काय म्हणणार?

गेल्या बुधवारी सकाळी बोलावणं आलं. मागच्या अंगणातल्या खोलीत, जिथे सरपण ठेवतात तिथे तिला निजवलं होतं. सभेच्या नियमानं दोन साक्षीदार बायका बसल्या होत्या, बेकरची विधवा आणि पाळकाची बहीण. नियम तुला मी सांगायला नको. कळा भरात आल्या की सुईणीनं विचारायचं, आणि नाव येईतो हात लावायचा नाही.

मी बाळंतपणाची खुर्ची मांडली, लोणी कोमट केलं. पोरीचे दात वाजत होते. आजीची संत अॅनाची जुनी प्रार्थना मी पुटपुटत होते. पाळक म्हणतात ती जुन्या पंथाची, म्हणून आता पापाची आहे, पण ती म्हटली की माझे हात नीट चालतात. पाळकाच्या बहिणीनं ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. तेवढी ती चांगली आहे.

मग बेकरची विधवा म्हणाली, "युस्टिनाबाई, वेळ झाली. विचारा."

मी लोण्याचं भांडं जवळ ओढलं.

"विचारा ना. डोकं खाली येईल मग."

लुसियाला वाटलं, विचारलंच. तिला घरी बहुतेक सांगूनच ठेवलं असेल की नाव सांगितल्याशिवाय सुईण हात लावत नाही. तिनं माझा दंड धरला आणि म्हणाली, "सांगते, बाई, सांगते, तो... तो..." तिची जीभ अडखळते ना. तेवढ्यात मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

"मला नको सांगूस," मी म्हटलं. "मला काही विचारायचं नाहीये. तू जोर लाव."

बेकरची विधवा उठून उभी राहिली. "हे काय चाललंय?"

"बाळंतपण चाललंय," मी म्हटलं. "खाली बसा, उजेड अडतोय."

मुलगा झाला. धडधाकट, लाल, ओरडणारा. त्याला आंघोळ घालून, गुंडाळून आईपाशी ठेवून मी घरी आले आणि चुलीपाशी बसले. बूट काढायचं त्राण नव्हतं. शूरपणा केला असं समजू नकोस. मला तो प्रश्न तोंडातून काढता येईना, इतकंच. दहा शेर दगड उचलायला सांगावा आणि हात वर जाऊ नये, तसं.

युस्टिना


उर्सुलाबेर्ग, संत योहानाच्या दिवसाच्या आधीचा शनिवार

रेगीना,

सभेनं बोलावलं होतं. पाच जण टेबलाशी, कारकून कडेला. पाचांपैकी एक बाल्थाझार. त्याला वाटलं असतं तर आजारी पडता आलं असतं. तो आला.

कारकुनानं विचारलं, "सुईणबाई, शपथेप्रमाणे मुलीला बापाचं नाव विचारलंत?"

"नाही."

"का?"

"हातात काम होतं."

कुणीतरी हसलं, मग खोकला काढला. सभेचे मुख्य म्हातारे आहेत, ऐकू कमी येतं. त्यांनी पुन्हा विचारायला लावलं. पुन्हा तेच सांगितलं.

मग बाल्थाझार बोलला. आवाज मऊ. "बाई, मुलीनं स्वतःहून नाव घेतलं असेलच ना? वेदनेत कुणीही बोलतं."

"घेणार होती," मी म्हटलं. "मी तोंडावर हात ठेवला. साक्षीदार आहेत."

तो टेबलाकडे बघत राहिला. त्याच्या मानेवर घाम आला होता. त्याचा जीव वाचवला होता मी, हे त्याला कळलं. आणि मी त्याच्यासाठी ते केलं नव्हतं, हेही कळलं असावं, कारण नंतर मला काढून टाकण्यासाठी पाच हात वर झाले त्यांत त्याचा होता. सगळ्यांत आधी होता.

"सव्वीस वर्षं," मुख्य म्हणाले. "सव्वीस वर्षं तुमच्याबद्दल तक्रार नव्हती, युस्टिनाबाई. आता काय झालं?"

मी म्हटलं, "थकले, मालक."

ते खरंच होतं. म्हाताऱ्यानं मान हलवली, जणू त्यालाही ठाऊक होतं ते काय असतं.

गावानं दिलेलं घर सोडावं लागलं. सरपणाचा वाटा गेला. नवी सुईण श्नेबर्ग रस्त्याच्या बाजूची कोणी तरी आहे, तरुण, हात चांगले. तिला खुर्ची दिली, कात्री दिली, कुठल्या घरात कुत्रा चावरा आहे ते सांगितलं. शपथेचं तिनं विचारलं, "अवघड जातं का हो?" मी म्हटलं, "तुझं तू बघ." याहून चांगलं उत्तर द्यायला हवं होतं.

आता मी गरीबघरात असते. पुलापाशी, जुनं धर्मभगिनींचं घर होतं ना, तेच. आठ म्हाताऱ्या, एक शेगडी. जेवायला ओटची लापशी आणि सलगम, रविवारी मटणाचं पाणी. आम्ही सगळ्या बसून लेसची रिळं खटखटवतो. माझी लेस बघून बाकीच्या हसतात. अॅग्नेस म्हणून एक आहे, ती म्हणते, "युस्टिने, ही लेस आहे की मासे पकडायचं जाळं?"

लुसियाला वेशीबाहेर काढलं नाही. बापाचं नाव नाही म्हणून लेकराचा खर्च कुणावर घालायचा ते कळेना. बाल्थाझारनंच तिचं लग्न कोळसेवाल्या एका विधुराशी लावून दिलं. लेकरासकट रानात गेली. चांगलं झालं म्हणत नाही मी. डोक्यावर छप्पर आहे.

उत्तर नाही आलं तुझं. येईल असं म्हणून लिहीत नाही.

युस्टिना


उर्सुलाबेर्ग, संत मायकेलच्या सणाचा आठवडा

रेगीना,

तुझं पत्र मिळालं. तीन ओळी. अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडे कललेलं. मीच शिकवलं होतं, पाळकबाईंच्या मुलींच्या शाळेत मी जे शिकले ते.

तू लिहिलंस: "ओटिलीचा डावा हात जन्मापासून वर होत नाही. ती विचारते का. मी सांगते देवाची इच्छा. तुझं काय म्हणणं आहे?"

तीनदा वाचलं. नंतर अॅग्नेसला वाचून दाखव म्हटलं, म्हणजे माझं चुकत असेल तर कळेल. तिनंही तेच वाचलं.

मला माहीत नव्हतं. तुला वेशीबाहेर घातलं तेव्हा लेकरू बारा दिवसांचं होतं, घट्ट गुंडाळलेलं. असं म्हणून मी सुटले असते. पण मी सुईण आहे. आंघोळ घालताना तिसऱ्या दिवशी मी पाहिलं होतं की एक हात दुसऱ्यासारखा आकसत नाही. तुला सांगितलं नाही. वाटलं, सुटेल. काहींचे सुटतात.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की तू नाव आपणहून सांगितलंस. ते खोटं. तू आपणहून काहीच सांगितलं नाहीस.

दुपारच्या पाळीची घंटा झाली तेव्हा डोकं दिसायला लागलं होतं. तू पहाटेपासून झुंजत होतीस. साक्षीदार बायका बसल्या होत्या, तेव्हाची बेकरची बायको आणि खाणीच्या लेखनिकाची आई. मी उठले, खुर्चीपासून लांब खिडकीशी जाऊन बसले आणि हात मांडीवर ठेवले. म्हटलं, "रेगीना, बापाचं नाव."

तू म्हणालीस, "मावशी, हात दे."

मी म्हटलं, "नाव."

"मावशी, अगं मी आहे."

हे तुझे शब्द. अकरा वर्षं मला आठवतात, पण कागदावर आज पहिल्यांदा लिहिले.

पाळी बदलून माणसं खाली गेली, वर आलेली घरी पोचली, एवढा वेळ मी तिथे बसले. तुझ्या अंगातलं बळ संपलं. मग तू जोब्स्टचं नाव घेतलंस. तेही माझ्याकडे बघून नाही, भिंतीकडे बघून. तेव्हा मी उठले. तोवर डोकं बाहेर आलं होतं आणि खांदा अडकला होता. माझ्या गुरुणीनं मला शिकवलेली पहिली गोष्ट हीच, की खांदा अडकण्याआधी आईला वळवायचं, सैल करायचं, वेळ असताना. वेळ मी खिडकीशी बसून घालवला होता. मुलगी निळी पडत होती. मी ओढली. डोकं धरून, एका बाजूला, जोरानं. हाताखाली काहीतरी ताणलं गेलेलं मला कळलं. पाणी शिंपडून बाप्तिस्मा केला, घाईनं जे नाव सुचलं ते ठेवलं, माझ्या आईचं. मग ती रडली.

तर माझं म्हणणं हे आहे. देवाची इच्छा नव्हती. मी होते.

शपथेचं कारण सांगणार नाही. त्या बायका बघत होत्या आणि मला माझं काम हवं होतं. दुसरी सुईण असती तर तिनंही कदाचित हेच केलं असतं, पण तिला तू मावशी म्हटलं नसतंस.

क्षमा मागायला लेखणी उचलली होती, ती तशीच ठेवली. माफी मागितली की समोरच्याला काहीतरी उत्तर द्यावं लागतं. तू देऊ नकोस. ओटिलीला मात्र हे वाचून दाखव. लहान आहे असं वाटत असेल तर ठेव आणि मग दाखव. तिला आणखी काही विचारायचं असेल तर मी पुलापाशी आहे. विचारील त्याचं उत्तर देईन.

तुझी मावशी
युस्टिना


उर्सुलाबेर्ग, संत मार्टिनच्या सणानंतरचा बुधवार

रेगीना,

ओटिली नीट पोचली. घाटात बर्फ भुरभुरत होता, पण वेन्त्सलनं तिला मिठाच्या पोत्यांमध्ये बसवून वर कातडं घातलं होतं. उतरली तेव्हा पापण्यांवर मीठ होतं.

तू पाठवशील असं मला वाटलं नव्हतं. चिठ्ठीही नाही, नुसती मुलगी. दारात उभी राहिली आणि आठ म्हाताऱ्यांना एकेक करून बघितलं. मग विचारलं, "युस्टिना कोण?"

अॅग्नेस म्हणाली, "जिची लेस सगळ्यांत वाईट, ती."

ओटिली सरळ माझ्याकडे आली. माझ्या मांडीवरची लेस बघून ओळखलं तिनं. मला हसू आलं आणि ते तोंडातच राहिलं, कारण तिचे डोळे तुझे आहेत. ते तुला कुणी सांगितलंच असेल.

"तूच का ती?"

"हो."

"आई म्हणाली, तू आता खोटं बोलत नाहीस."

"कधीपासून म्हणाली?"

"मागच्या पत्रापासून."

तिनं शाल काढली. उजव्या हातानं, दातांनी गाठ सोडून, कुणाची मदत न घेता. मी उठणार होते, पण अॅग्नेसनं माझा झगा धरून खाली बसवलं. बरं केलं.

"हात दाखव," ओटिली म्हणाली.

मी दोन्ही पुढे केले. तिनं वरून बघितले, मग उलटे करून. बोटं वाकडी झालीत माझी, सांधे सुजलेत. तिनं एक बोट दाबून पाहिलं.

"दुखतं?"

"थंडीत."

"मला ओढलं तो कुठला?"

"दोन्ही."

सगळ्या म्हाताऱ्यांची रिळं थांबली होती. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर थुंकेल. दोन्हींची मी तयारी केली होती. तिनं विचारलं, "जेवायला काय आहे?"

सलगमाचं पातळ होतं. दोन वाट्या खाल्ल्या आणि म्हणाली, मीठ कमी आहे. बाहेर जाऊन वेन्त्सलकडून मूठभर मीठ आणलं आणि सगळ्यांच्या वाट्यांत टाकलं. आमच्या इथे मीठ असं टाकत नाहीत. सगळ्यांनी वाट्या पुसून संपवल्या.

काल तिला गाव दाखवलं. तू राहायचीस ते घर, चर्च, बंद खाणीचं तोंड. तिथे खाली पाणी आहे का म्हणून तिनं दगड टाकला. पडल्याचा आवाज लवकर आला. पाणी वर आलंय. जोब्स्टचं थडगं तिनं बघायचं म्हटलं, नेलं. तिथे थोडा वेळ उभी राहिली. म्हणाली, "हाही खोटं बोलायचा?" मी म्हटलं, "त्याला कुणी फारसं विचारलंच नाही." ती म्हणाली, "हं."

मला तिनं माफ केलंय असं काही नाही. तसं ती बोललीही नाही आणि मीही विचारलं नाही. आज सकाळी उठली, केस सगळे सुटलेले, आणि माझ्यासमोर स्टुलावर येऊन पाठ करून बसली.

"वेणी घाल. एका हातानं जमत नाही."

माझी बोटं आता मिटत नाहीत नीट. दोनदा सोडून परत घातली. ती खिडकीकडे तोंड करून ताठ बसली होती, मान हलवली नाही. एकदाच म्हणाली, "आई करकचून घालते. डोकं दुखतं. तू सैल घाल." मी सैल घातली. केस तुझ्यापेक्षा जाड आहेत.

वेन्त्सल उद्या निघतोय, तिला घेऊन. ओटची भाकरी आणि सुकवलेले पेर बांधून दिलेत. अॅग्नेसनं तिला लोकरीचा हातमोजा दिलाय, एकच, डाव्या हातासाठी, तो गार पडतो म्हणाली म्हणून. हे पत्र तिच्याकडेच देतेय. वाटेत वेणी सुटली तर तिला रागावू नकोस. सैल घाल असं तिनंच सांगितलं होतं.

मावशी